भात शिजेपर्यंत विटांचा खेळ

गेल्या रविवारी फोनवर तुम्हाला जे ऐकू आलं, त्याचा तुम्ही दोघांनी लावलेला अर्थ साफ चुकीचा आहे. मी कुठल्याही संगीताच्या कार्यक्रमात भाग घेत नव्हते. मागे ओरडणारी माणसं भांडत नव्हती. आणि "मुसळ! मुसळ!" हा इथला कुठला मंत्र नाही. तुमच्या बाबांनी "आजीलाच विचारा" म्हणून हात झटकले आहेत, तेव्हा क्रमाने सांगते. मला क्रमानेच सांगता येतं. तुमचे आजोबा म्हणतात, मी शिंकतेसुद्धा अनुक्रमांक घालून.

आधी पैज नीट आठवा. दिवाळीत तुम्ही भोरला आलात आणि माझ्या कपाटात तुम्हाला तुमच्या बाबांचा जुना गेम सापडला. राखाडी, चार सेलवर चालणारा, पडद्याला दिवा नसलेला. बाबा शाळेत असताना घेतलेला. ते शिकायला बाहेर गेले आणि तो माझ्याकडे राहिला. तेव्हापासून दुपारची भांडी आवरली आणि आजोबा घोरायला लागले की मी खिडकीपाशी बसून विटांचा खेळ खेळते. वरून विटा पडतात, त्या फिरवून बसवायच्या, आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. फळीवरचे डबे उंचीप्रमाणे लावणाऱ्या बाईसाठी याहून चांगला खेळ कुणी काढलेला नाही.

तुम्हा दोघांतला थोरला म्हणाला, गेम बाबांचा आहे म्हणजे तो आमचा आहे. तेही इंग्रजीत म्हणाला. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, म्हणून मला तुमचं बोलणं समजतं आणि तुम्ही त्याचा पुरेपूर फायदा घेता. तुम्ही इंग्रजीत विचारता, मी मराठीत उत्तर देते, आणि दर रविवारी मला आपण दोन वेगवेगळ्या रेडिओ स्टेशनांवर असल्यासारखं वाटतं. म्हणून मी पैज लावली. ठरल्या रविवारी, आमच्या संध्याकाळी सहाला आणि तुमच्या सकाळी, मी एका दमात शंभर ओळी करून दाखवायच्या. जमलं तर यापुढे दर रविवारी माझ्याशी मराठीत बोलायचं. नाही जमलं तर गेम तुमच्या पत्त्यावर. तो गेला असता तर माझ्या दुपारी आजोबांच्या घोरण्याशिवाय काही उरलं नसतं, हे लक्षात घ्या.

अडचण पुराव्याची होती. पडद्याला दिवा नाही, त्यामुळे फोनच्या कॅमेऱ्यात नुसती चकाकी दिसते. फोटो तुम्हाला मान्य नव्हता, कारण म्हणे फोटो कधीचाही असू शकतो. (हा संशयी स्वभाव आजोबांकडून आला आहे.) उरला आवाज. दर दहा ओळींनी खेळ एक पायरी चढतो, तेव्हा एक "टुर्रर्र" वाजते आणि विटा जास्त वेगाने पडू लागतात. अशा दहा टुर्र मोजल्या की शंभर ओळी. पण गेमचा स्पीकर म्हातारा झालेला. सुरापेक्षा खरखर जास्त. आणि तुमचे बाबा म्हणाले की असा बारीक, खरखरीत आवाज फोन कचरा समजून झाडून टाकतो. मोठा आणि स्वच्छ असेल तरच पुढे जाऊ देतो.

म्हणून मी गेम घेऊन एसटी स्टँडमागच्या साउंड सर्व्हिसवाल्याकडे गेले. लग्नं, भंडारे, मिरवणुका यांना स्पीकर लावणं हा त्याचा धंदा, आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीही तो करतो. गृहस्थ हुशार आहे. तसं तो स्वतःच दर पाच मिनिटांनी सांगतो. गेमचे स्क्रू वेगळ्याच तीन पाकळ्यांचे निघाले, तर त्याने एका बॉलपेनचं बूड लायटरवर वितळवून स्क्रूवर दाबलं, गार होऊ दिलं आणि त्या पेनानेच स्क्रू फिरवला. मग आत डोकावून म्हणाला, "काकू, ह्यो आवाज आत जन्मतो तवा लई गोड असतो. मग तो ह्या आवाजाच्या चक्रीतनं जातो, पुढं ह्या बारक्या अ‍ॅम्प्लिफायरमधनं जातो, आन् तितं त्यात खरखर मिसळती. आपण चक्रीच्या आदीच तार जोडायची. भाटघरचं पानी नळातनं कशाला घ्यायचं? थेट धरणातनं घ्यायचं!"

"बिघडणार नाही ना?" मी विचारलं.

"काकू, म्या मिरवणुकीत बिल्डिंगीच्या काचा हलवल्यात. ह्यो डबा काय चीज हाय!"

हे उत्तर माझ्या प्रश्नाचं नव्हतं, पण गेम मी तिथेच ठेवून आले. धरणाचं उदाहरण मला फार पटलं होतं. इतकं, की त्यातून पुढे काय निघतं याचा मी विचार केला नाही आणि त्यानेही केला नाही.

शनिवारी रात्री गेम हातात आला तेव्हा त्याला शेपूट फुटलं होतं. बाजूला भोक, भोकातून वीतभर काळी वायर, आणि वायरीच्या टोकाला माइकला असते तसली करंगळीएवढी जाड पिन. आमच्या घरच्या स्पीकरला लागते ती काडीएवढी बारीक पिन. मी ते दाखवलं, तर तो आश्चर्याने म्हणाला, "बारकी पिन मांडवात कोन वापरतं?"

जाड पिनीला बारीक करणारा जोड त्याच्याकडे नव्हता. नसरापूरला मिळाला असता, पण रविवारी ते दुकान बंद. आणि रविवारी सहाला पैज. शेवटी त्यानेच तोड काढली. रविवारी वेल्ह्याच्या अलीकडे त्याच्या स्वतःच्या गावात देवळाचा भंडारा होता, स्पीकर त्याचेच होते. "तुमी तितंच या. माझ्या मिक्सरला पिन लावा, बारका स्पीकरचा बॉक्स फोनजवळ ठेवा, आन् निवांत खेळा. पंगत साडेसातला. सहाला कोन बी नसतं."

तर अशा रीतीने तुमचे आजी-आजोबा रविवारी दुपारी नसरापूरपर्यंत एसटीने आणि पुढे वेल्ह्याच्या जीपमध्ये बसून व्हिडिओ गेम खेळायला निघाले. पिशवीतून शेपूट बाहेर लोंबत होतं. शेजारच्या बाईंनी बराच वेळ ते पाहिलं आणि मग बाही सरसावून हात पुढे केला. म्हणाल्या, "माझं बी बीपी बघा की वो." आजोबांनी त्यांची नाडी धरली, घड्याळाकडे पाहिलं आणि "उत्तम आहे, मीठ कमी खा" असं सांगितलं. मी शेपूट पिशवीत कोंबलं.

गाव डोंगराच्या पायथ्याशी. देवळापुढे मांडव, मांडवाच्या कोपऱ्यात कापडी पडद्याआड साउंडवाल्याचा मिक्सर, आणि खांबावर भोंगा. भोंग्याचं तोंड मांडवाकडे नव्हतं, वर डोंगराकडे होतं, कारण अर्धं गाव वरच्या वाडीत राहतं. या गावाची एक रीत आहे आणि ती तुम्हाला माहीत असल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. भंडाऱ्याच्या दिवशी सकाळपासून भोंग्यावर भजन चालतं. पण शब्द नसलेली नुसती धून वाजली, की त्याचा अर्थ भात तयार आहे, आपापलं ताट-तांब्या घेऊन पंगतीला या. धून थांबली की वाढायला सुरुवात. निरोप नाही, आमंत्रण नाही. सगळं गाव त्या धुनेवर चालतं.

ही रीत मला कुणीही सांगितली नव्हती.

साडेपाचला भजन संपलं. साउंडवाल्याने मला पडद्याआड खुर्ची दिली, गेमचं शेपूट मिक्सरमध्ये खुपसलं आणि एवढ्यात दिव्यांचा जनरेटर बंद पडल्याची हाक आली. जाता जाता म्हणाला, "सहा वाजता ह्यो खटका वर करा, बारका बॉक्स चालू हुईल. तवर डब्याची चक्री शून्यावर ठेवा, म्हंजे आवाजच न्हाई."

आजोबा चहा कुठे मिळतो ते बघायला गेले. मी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं, कारण स्पीकरजवळ ते शिट्ट्या मारतं. चक्री शून्यावर केली, दोनदा तपासली, आणि हात मोकळा करावा म्हणून सरावाला बसले. अगदी नि:शब्द, कुणाला त्रास नको म्हणून.

आता धरणाची गोष्ट आठवा. तार चक्रीच्या आधी जोडलेली. नळ कितीही घट्ट बंद केला तरी धरणातून थेट घेतलेलं पाणी थांबत नाही. आणि भजन संपल्यावर भोंगा बंद करायला कुणीतरी विसरलं होतं.

मला दुरून काहीतरी अस्पष्ट ऐकू येत होतं. खोऱ्यापलीकडे कुणाचं तरी लग्न आहे आणि बँडवाले फारच घाईत आहेत, असं मला वाटलं. बिचाऱ्यांना दुसरीकडे सुपारी असेल, असंही मनात येऊन गेलं. माझ्या तीस ओळी झाल्या. हात छान बसला होता.

तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि हातात भलामोठा झारा घेतलेला आचारी समोर उभा. त्याचं तोंड हलत होतं. माझं मुळीच थांबायचं मन नव्हतं, म्हणून उजव्या हाताने विटा सांभाळत मी डाव्या हाताने डबी उघडली आणि यंत्र कानात घातलं. बाळांनो, त्या क्षणी मला माझाच खेळ डोंगरावर आपटून परत येताना ऐकू आला.

"...तांदूळ आत्ता वैरलाय!" आचारी म्हणत होता. "आत्ता! आन् ही सारी मानसं बसली बी! कुनी वाजवलं?"

मी पडद्यापलीकडे पाहिलं. मांडवात माणसं मांडी घालून, ताटं पुढे घेऊन, ओळीने बसलेली. एक ओळ भरली होती, दुसरी भरत आली होती, तिसरीत मध्ये एक जागा रिकामी होती आणि मला इतक्या गडबडीतही तिथे काहीतरी उभं बसवावंसं वाटलं. डोंगराच्या पायवाटेवरून आणखी माणसं उतरत होती. उन्हात ताटं चमकत होती.

मी खेळ बंद करायला बोट नेलं, तर भंडाऱ्याचे कारभारी धोतर सावरत धावत आले. "थांबा! बंद करू नगा!"

"अहो, पण भात..."

"वरची वाडी अर्ध्या वाटंत हाय, बाई! मागल्या साली धून लवकर थांबली. त्यांना वाटलं पंगत उठली, तशीच माघारी गेली. वरीसभर बोलत नव्हती आमच्याशी. ती येऊन बसंस्तोवर, भात शिजंस्तोवर वाजवा."

"दुसरी धून लावा की!"

तोवर साउंडवाला पोचला होता. त्याने खिसे चाचपले. त्याची धून त्याच्या मोबाईलमध्ये होती आणि मोबाईल जनरेटरवाल्याकडे दिवा धरायला दिला होता. "काकू," तो म्हणाला, "चक्री शून्यावर होती ना?"

"शून्यावरच आहे," मी म्हटलं.

त्याने चक्री पाहिली, शेपूट पाहिलं, भोंग्याकडे पाहिलं. "आयला," तो म्हणाला, "लई भारी काम झालंय की माझं!"

आणि सहा वाजले आणि तुमचा फोन आला.

आजोबा चहा पिऊन हलत-डुलत येत होते, त्यांनी तो उचलला आणि बारक्या बॉक्सशेजारी उभा केला. साउंडवाल्याने खटका वर केला. तुम्हाला पहिल्यांदा गेमचा आवाज लख्ख ऐकू आला. आठवतं? थोरला लगेच म्हणाला की आजीने आधीच सुरुवात केली, हे चालणार नाही, पुन्हा पहिल्यापासून खेळ. मी पहिल्यापासून सुरू केला असता तर धून थांबली असती, वरची वाडी माघारी गेली असती आणि एक अख्खं गाव दुसऱ्या वर्षीही दुभंगलं असतं. हे सगळं विटा पडत असताना सांगणं शक्य नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "मग इथून पुढे शंभर." तीस ओळींचा वेग आधीच अंगावर होता आणि वर आणखी शंभर. आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पोहायला येत नसताना विहिरीत उडी घेतली आहे.

पहिल्या चार टुर्र ठीक गेल्या. तुम्ही मोजत होतात, वन, टू, थ्री, फोर. मग पडद्याआड अंधारून आलं. आजोबांनी टॉर्च धरली, पण ते दर दोन मिनिटांनी मांडवाकडे बघायला वळत आणि टॉर्चही वळे.

"अहो, इकडे!"

"अगं, लोक किती आलेत ते बघतोय."

"तुम्ही दिवा आहात. दिव्याने बघायचं नसतं."

तेवढ्यात पहिल्या ओळीतली एक म्हातारी ताट काखेत मारून आत आली. माझ्याच वयाची, पण माझ्या तिप्पट उत्साहाची. आधी तिने आजोबांच्या हातातली टॉर्च काढून घेतली. मग माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "ह्या इटा तुमी रचताय व्हय? आन् आमी भुकेलं बसलोय!"

"ओळ भरली की जाते," मी म्हटलं.

"आमची कवा जायाची?"

पण मिनिटभरात तिला खेळ कळला, आणि तिथून पुढचं ओरडणं तुम्ही ऐकलंच आहे. तिने प्रत्येक विटेला नाव ठेवलं. चौकोनी ती गुळाची ढेप. वाकडी ती कोयती. लांब उभी ते मुसळ. "कोयती आली, डाव्या अंगाला! ढेप हितं! आवो बाई, तितं न्हाई, हितं!" तिचा आवाज ऐकून आणखी चारजणी पडद्याशी आल्या. खेळ दिसत कुणालाच नव्हता, तरी सगळ्या म्हणायला लागल्या, "मुसळ येऊ दे! मुसळ!" पंगतीत बसलेल्यांनाही ते ऐकू गेलं. मग मांडवभर तेच. कशासाठी ते विचारू नका, त्यांनाही माहीत नव्हतं.

तुम्ही "एट" म्हणालात तेव्हा वरची वाडी येऊन बसली. तुम्ही "नाइन" म्हणालात तेव्हा आचाऱ्याने झारा झाकणावर आपटला. "भात झाला! बंद करा!"

कारभारी माइक हातात घेऊन माझ्याजवळ येऊन उभे राहिले. धून थांबली की श्लोक म्हणायचा आणि वाढायला सुरुवात. "झालं बाई, उपकार झालं. करा बंद."

आता पाहा. अर्धा तास मी भातासाठी खेळत होते. आता वाफाळणारा भात माझ्यासाठी थांबला होता. दहाव्या टुर्रला चार ओळी कमी होत्या, विटा अंगावर धावून येत होत्या, आणि गेम कुरियरने जातोय असं मला स्वच्छ दिसत होतं.

"एक मिनिट," मी म्हटलं.

"बाई, मानसं ताटावर बसलीत!"

"एकच मिनिट!"

माझी बाजू म्हातारीने घेतली. तिने कारभाऱ्यांसमोर टॉर्च अशी धरली की त्यांना डोळे मिटावे लागले. "दम धरा की वाईच! एवडा येळ बसलोय, आजून एक मुसळ बसवू द्या बाईला!"

एका कडेला चार ओळी खोल, एका विटेएवढी रुंद फट मी राखून ठेवली होती. ढेप आली. कोयती आली. पुन्हा ढेप आली. ढीग वरच्या कडेला टेकत आला. आणि मग मुसळ आलं. म्हातारी इतक्या जोराने ओरडली की मी दचकले, आणि दचकल्यामुळेच बोट योग्य वेळी दाबलं गेलं. चारही ओळी एकदम गेल्या.

टुर्रर्र.

फोनमधून धाकटीचा आवाज आला, "दहा!" मराठीत. कुणी सांगितलेलं नव्हतं. नियम लागू झाला, तिने पाळला. ती माझ्यावर गेली आहे.

मी खेळ बंद केला. मांडवात एकदम शांतता झाली. त्या शांततेत थोरल्याचं इंग्रजी सुरू झालं, की आजीला मदत होती, हे बेकायदा आहे, वगैरे.

"पैज संपली," मी म्हटलं. "जे म्हणायचं ते मराठीत म्हण."

तुमच्या बाजूला थोडी कुजबुज झाली. तुमच्या बाबांचा आवाज मी ओळखला, ते शब्द पुरवत होते. आणि मग तू, थोरल्या, एकेक शब्द तोलून म्हणालास, "आजी, तू, लबाडी, केलीस."

तुला हे माहीत नाही की कारभाऱ्यांच्या हातातला माइक चालू होता आणि फोनपासून वीतभर अंतरावर होता. तुझं पहिलं अख्खं मराठी वाक्य भोंग्यातून डोंगरापर्यंत गेलं आणि "लबाडी केलीस" एवढं परत आलं. गावातली सगळी माणसं हातातलं पाणी तसंच धरून पडद्याकडे बघू लागली.

म्हातारीने कारभाऱ्यांचा हात धरून माइक आपल्या तोंडाशी ओढला. "न्हाई रं लेकरा," ती गावाला ऐकू जाईल अशा आवाजात तुला म्हणाली, "म्या सोता बघितलंय. इटा तिनंच रचल्या. म्या निस्ती दिवा धरून हुते."

तुम्ही फोन ठेवलात तो तेव्हा. मग श्लोक झाला, भात वाढला गेला. ताटं आम्ही आणली नव्हती, तेव्हा म्हातारीने आपलं ताट मधोमध ठेवलं आणि आम्ही दोघींनी दोन बाजूंनी खाल्लं. तिने आमटी माझ्या भाताकडे लोटली आणि म्हणाली, "धून बरी हाय तुमची. फकस्त पुढल्या साली आचाऱ्याला इचारून वाजवा."

गेम कपाटात परत गेला आहे, शेपटीसकट. चक्रीवर मी कागदाची पट्टी चिकटवली आहे: "हिचा काही उपयोग नाही." आजोबा म्हणतात ती पट्टी त्यांच्या कपाळालाही चालेल.

आणि थोरल्या, "लबाडी"त "ळ" नाही, "ल" आहे, आणि तो तू बरोबर म्हणालास. पण "केलीस" म्हणताना तुझा आवाज जरा चढला होता. आजीशी बोलताना तो जरा खाली असावा. त्यासाठी तुझ्या गळ्याला चक्री आहे, आणि ती चालते.